ओहोटीला कचरा त्यांचा

५ ऑगस्ट, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली. उद्या कोणी नदीत खांबांवर उभ्या आमच्या उजुंग बकाऊचा इतिहास लिहायला बसलं, तर गावप्रमुख हाजी मेतुसिन यांच्या मनात त्या काळी काय चाललं होतं हे विचारत त्याला दारोदार फिरावं लागू नये. नोरेहानला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "लिहा की. त्यातच गॅसची टाकी कधी लावली तेही लिहीत जा, म्हणजे दर वेळी भांडण नको." इतिहासाची जाण सगळ्यांना नसते.

तर कारण असं. नदीवरच्या सगळ्या गावांमध्ये स्वच्छतेची स्पर्धा जाहीर झाली आहे. सप्टेंबरात परीक्षक होडीने येऊन पाहणी करणार. पहिल्या येणाऱ्या गावाला ढाल आणि नवा धक्का. आमचा धक्का एका अंगाला असा कलला आहे की होडीतून उतरणारा माणूस आपोआप सलाम करतो. आजवर पाहुण्यांना मी हे आमच्या गावच्या विनयाचं लक्षण म्हणून सांगत आलो. पण खांब कुजलेत, हे इथे लिहायला हरकत नाही.

अडचण एकच. निबुंग. आमच्या खालच्या अंगाला, वळणापलीकडे. तिथला प्रमुख हाजी जुमात. गेल्या वर्षी नौकाशर्यतीच्या दिवशी माझं भाषण रंगात आलं असताना त्याने आपल्या होडीचं इंजिन चालू केलं. "तपासत होतो," म्हणाला. भाषण संपेपर्यंत तपासत होता.

७ ऑगस्ट, बुधवार

समितीची बैठक. विषय: घरांखाली तरंगणारा कचरा. सचिव बुंगसूने सुचवलं की होड्या काढून कचरा गोळा करावा आणि काठावर नेऊन टाकावा. बुंगसूची हीच खोड, सगळं अवघड करून टाकायचं. मी त्याला नदी दाखवली. म्हटलं, "ओहोटीला हे पाणी कुठे जातं?"

"खाली जातं, हाजी."

"मग?"

ठराव असा झाला की ओहोटी लागली की प्रत्येकाने बांबू घेऊन आपापल्या खांबांमधला कचरा प्रवाहात लोटायचा. निसर्गाने सोय केलेली असताना आपण होड्यांचं तेल का जाळायचं? ठराव एकमताने मंजूर. बुंगसू हात वर करायला विसरला होता, त्याचा मी केला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नमाजानंतर ओहोटी लागली आणि सगळं गाव बांबू घेऊन उभं राहिलं. काय दृश्य होतं! बाटल्या, पिशव्या, थर्माकोल, आणि एक पिवळा सोफा, जो कुणाचा हे कुणीच कबूल करेना. सगळं कसं सरळ रांगेत निबुंगच्या दिशेने गेलं. संध्याकाळी ओसरीवरून खाली पाहिलं तर पाण्यात माझंच तोंड दिसलं. मी छोटंसं भाषण केलं.

१० ऑगस्ट, शनिवार

भरतीला सगळं परत आलं.

सगळं, आणि वर आणखी बरंच. आमच्या गावात कुणी एवढ्या रंगाच्या डब्या वापरत नाही. सोफाही आला. त्यावर एक कोंबडी बसली होती. ती निबुंगची असणार, चेहऱ्यावरूनच कळत होतं. नोरेहानने जाळं टाकून कोंबडी उचलली आणि सोफा पुढे लोटला.

१२ ऑगस्ट, सोमवार

जुमातचा फोन आला.

"हाजी, तुमचा सोफा आमच्याकडे पाहुणा आला होता. परत पाठवलाय. सुखरूप पोचला ना?"

"तो आमचा नव्हे."

"बरं. मग कोंबडीही आमची नव्हे असं समजायचं का?"

मी म्हटलं, पाणी एकदा गावाची हद्द ओलांडून गेलं की त्यातल्या वस्तूंची जबाबदारी खालच्या गावाची. तो म्हणाला, "मग भरतीला आम्ही वरचं गाव होतो की खालचं?" यावर एक चोख उत्तर होतं, पण ते मला फोन ठेवल्यावर सुचलं.

कोंबडी फार चवदार होती.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

लढाईत शत्रूची माहिती लागते. ती आणणार कोण, यावर बराच विचार केला आणि उत्तर घरातच सापडलं. सालबियाताई.

ताई माझ्याहून मोठी. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, मला तिनेच वाढवलं. तिचा नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच असते. रोज सकाळी पेन्याराम, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड घारगे, तळते आणि होडीतून गावोगाव विकून येते. कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ. तिच्यासारखे या नदीवर कुणाला जमत नाहीत. खाऊ विकणाऱ्या बाईवर संशय कोण घेणार?

मी म्हटलं, "ताई, उद्यापासून होडी निबुंगलाही ने. डोळे उघडे ठेव. जुमात काय करतो, कुणाशी बोलतो, सगळं मला कळलं पाहिजे."

"इश्श! मी कशाला त्या माणसाच्या गावात जाऊ?" ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "सकाळीच निघू का?"

गावासाठी माणसं त्याग करतात, ती अशी.

१९ ऑगस्ट, सोमवार

पहिला अहवाल. ताई आपला निळा, ठेवणीतला पोशाख घालून गेली होती, अत्तरही लावलं होतं. मी तिचं कौतुक केलं. वेषांतर असं हवं की शत्रूला वाटावं, ही बाई कचऱ्यासाठी आलीच नाही.

"एकटाच असतो," ताईने सांगितलं. "बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं काठावर राहायला गेली, पक्क्या घरांत. चहा स्वतःच करतो. मलाही दिला. साखर नको म्हणतात डॉक्टर, तरी पेन्याराम खातच राहिला."

"आणि कचऱ्याबद्दल?"

"त्याबद्दल विचारायचं राहिलं."

मी लिहून घेतलं: शत्रूचा कच्चा दुवा, गोड. ताईला सांगितलं, उद्या जास्त घेऊन जा.

२४ ऑगस्ट, शनिवार

फितुरी!

गुरुवारी बैठकीत मी योजना मांडली होती. हद्दीवर बांबू आणि जाळं लावून तरंगता बांध घालायचा, म्हणजे भरतीला निबुंगचं काही वर येणार नाही. अत्यंत गुप्त. घरात फक्त ताईला सांगितली, तीही बांबू कुठून आणावेत हे विचारायला. आज बांबू घेऊन हद्दीवर गेलो तर जुमातचा बांध तिथे आधीच घातलेला! वर त्याचे लोक हात हलवून विचारतात, "हाजी, दोरी कमी पडली तर सांगा हं!"

संशय सरळ बुंगसूवर. त्याचा मेहुणा निबुंगचा. मशिदीच्या पायरीवर त्याला उभं करून शपथ घ्यायला लावली. तो रडला. म्हणाला, "सगळ्यांचेच मेहुणे निबुंगला असतात हो, हाजी. नदीच एवढीशी आहे."

रडणारा माणूस खरा असेलच असं नाही. यापुढे समितीला काही सांगायचं नाही. महत्त्वाचं सगळं फक्त ताईला.

३ सप्टेंबर, मंगळवार

आता दोन बांध झाले, त्यांचा आणि आमचा. मधल्या पट्ट्यात कुणाचीच हद्द नाही, त्यामुळे दोन्हीकडचा कचरा तिथे जमून बसला आहे. मधोमध तो सोफा. वारा आला की असा वास येतो की घरातला सुका मासा सुगंधी वाटतो. गावात कुरकुर आहे. परवा धक्क्यावर एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेताने दुसरीला म्हणाली, "पूर्वी कचरा यायचा आणि जायचा तरी. प्रमुखसाहेबांनी त्याला मुक्कामाला ठेवून घेतलं."

खरं सांगायचं तर मलाही काळजी वाटते. वडील प्रमुख होते तेव्हा या पाण्यात आम्ही पोहायचो. तोंडात पाणी गेलं तरी कुणी ओरडायचं नाही. हे मी भाषणात सांगत नाही, कारण मग पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

ताईने आज धुरावलेली कोळंबी आणि आल्याची पुडी आणली. जुमातने पाठवली. निरोप असा की भावाला खोकला झालाय ना, त्याला आल्याचं गरम पाणी द्या. माझा खोकला निबुंगपर्यंत पोचला कसा? म्हणजे घरातच कुणीतरी आहे. मी नोरेहानकडे रोखून पाहिलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ताई मात्र गंभीर होती, कोळंबीकडे पाहत.

आल्याने खोकला थांबला. वाईट माणसाच्या आल्यालाही गुण असतो.

८ सप्टेंबर, रविवार

उद्या परीक्षक. घरांच्या नदीकडच्या भिंती रंगवून झाल्या. मागच्या बाजूला रंग पुरला नाही, पण मागून येतं कोण? दोरीवर कपडे वाळत घालायला दोन दिवस बंदी. माझं भाषण तयार.

सकाळी मात्र नवल घडलं. बुंगसू धापा टाकत आला. "हाजी, मधला कचरा गेला!"

जाऊन पाहतो तो खरंच. पाणी ना वर चाललेलं, ना खाली, अगदी थांबलेलं, आणि त्यात आमच्या आणि निबुंगच्या बायका होड्या घेऊन झाऱ्यांनी कचरा उपसत होत्या. पुढच्या होडीत ताई. मागे जुमातची मोठी होडी, त्यात पोती रचलेली आणि वर उलटा पिवळा सोफा. जुमात स्वतः घामाने भिजला होता. ताई त्याला ओरडून सांगत होती, "अहो, तिकडे नाही, डावीकडे! दिसत नाही का?" आणि तो मुकाट्याने डावीकडे जात होता.

निबुंगच्या प्रमुखाला आमच्या गावासाठी हमालाचं काम करायला लावलं! अशी हेर मिळायला भाग्य लागतं. बुंगसू म्हणाला, "हाजी, मी बैठकीत हेच सुचवलं होतं." मी म्हटलं, "योग्य वेळी सुचवायला हवं होतं."

९ सप्टेंबर, सोमवार

परीक्षक मागून आले.

त्यांच्या होडीवाल्याला म्हणे ती वाट जवळची पडते. तरीही धक्क्यावर उतरताना तिघेही व्यवस्थित वाकले आणि त्यातल्या बाईंनी "किती नम्र स्वागत!" असं म्हटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. पाणी स्वच्छ होतं. भाषण मी ठरवल्यापेक्षा थोडं लांबवलं, कारण कुणी उठत नव्हतं. परीक्षकांची होडी तेल भरायला गेली होती.

विशेष नोंद. जुमात आपल्या होडीत बसून ऐकत होता आणि त्याने एकदाही इंजिन चालू केलं नाही. नजर आमच्या ओसरीकडे खिळलेली. ओसरीवर मी होतो, आणि माझ्या मागे खाऊचं तबक घेतलेली ताई. वक्तृत्वाचा परिणाम शत्रूवरही होतो, फक्त वेळ लागतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

निकाल लागला. पहिलं गाव: वरच्या वळणापलीकडची नवी सिमेंटची घरं. ती यंदाच बांधून झाली आहेत. तिथे अजून कुणीही राहायला गेलेलं नाही.

परीक्षकांचा शेरा: "रहिवाशांनी दाखवलेली शिस्त इतर गावांनी शिकण्यासारखी आहे." आम्ही तिसरे. निबुंगही तिसरं.

दुपारी जुमातचा फोन. "हाजी, ऐकलंत?"

"ऐकलं."

"तिथे राहतं कोण हो?"

"एक मांजर आहे म्हणतात."

"मग ढाल त्यानेच घेतली असेल. भाषणही केलं असेल."

मला हसू आलं. फोन लांब धरला, पण त्याला ऐकू गेलं असावं, कारण तोही हसायला लागला. नवा धक्का आता मांजराला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू?

नमाज झाल्यावर निबुंगहून होड्या निघाल्याची बातमी आली. सजवलेल्या, पुढच्या होडीत तबकं, म्हातारी माणसं चांगल्या कपड्यांत. मला वाटलं, निकालाविरुद्ध दोन्ही गावांनी मिळून तक्रार करायची, त्यासाठी शिष्टमंडळ येतंय. मी समारंभाची टोपी घालून धक्क्यावर गेलो. होड्या आमच्या बांधात अडकल्या. पंखा जाळ्यात गुंतला, एक तबक पाण्यात पडलं, जुमातचे मोठे काका उभे राहून ओरडायला लागले, "बांध कापा, हाजी! माणसं आणलीत, कचरा नाही!"

मीच सुरी घेऊन गेलो आणि कापला.

घरात सगळे बसले. काकांनी घसा साफ करून सुरुवात केली, "आम्ही ऐकलं की या घरच्या बागेत एक फूल आहे."

मी म्हटलं, "चुकीचं ऐकलंत. आमचं घर पाण्यावर आहे, बाग कुठून येणार?"

"जपून वाढवलेलं फूल."

"कुंडीसुद्धा नाही हो घरात. नोरेहान, आहे का कुंडी?"

नोरेहानने पाठीमागून असा चिमटा काढला की मी जागच्या जागी उडालो. "अहो, सालबियाताईंना मागणी घालायला आलेत! हाजी जुमातसाठी!"

मी पडद्याकडे पाहिलं. ताई पलीकडे उभी होती. निळा पोशाख. अत्तर. पेन्याराम, चहा, आलं, बांबू. एकेक गोष्ट पायाखालच्या फळीसारखी सुटत गेली.

"विचार करून सांगतो," म्हणालो आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसलो.

बुंगसूची माफी मागायला हवी.

२२ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस मी ताईशी बोललो नव्हतो. आज तीच समोर येऊन बसली.

मी म्हटलं, "तू माझ्या सगळ्या योजना त्याला सांगितल्यास."

"योजना कसल्या? सगळ्या गावाला माहीत असायच्या. तू फोनवर इतका मोठ्याने बोलतोस."

"या वयात लग्न! लोक काय म्हणतील?"

"लोक महिनाभर म्हणतायत. तुलाच ऐकू आलं नाही." मग म्हणाली, "मेतुसिन, तो मला चहा करून देतो. मी होडीतून उतरले की आधण ठेवलेलं असतं. इतक्या वर्षांत या घरात मला कुणी चहा करून दिला का, सांग."

मी आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. एकदा तिला ताप आला होता तेव्हा, असं वाटलं, पण तेव्हाही तो नोरेहानने केला होता.

"इथलं काय?" मी विचारलं. "मी काय करू?" हे तोंडातून कसं निघालं कळलं नाही. मला विचारायचं होतं की पेन्यारामचा धंदा कोण पाहणार.

"तू मोठा झालास की रे," ताई म्हणाली. "वडील नाहीत, तेव्हा माझा वली तू. निकाहात शब्द तुलाच उच्चारायचे आहेत. तू नाही म्हणालास तर काझी उभे राहतील, लग्न होईलच. पण मला तुझ्या तोंडून हवंय."

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. साखर सापडेना. नोरेहानने डबा पुढे केला. चहा ताईसमोर ठेवला. तिने तो शेवटपर्यंत प्यायला.

२९ सप्टेंबर, रविवार

निकाह झाला. आमच्या ओसरीवर, दोन्ही गावं दाटीवाटीने बसली होती. फळ्या करकरत होत्या. इमामांनी माझा हात जुमातच्या हातात दिला. त्याचा हात गार पडला होता. बरं वाटलं, माझाही तसाच होता.

शब्द मी आठवडाभर पाठ केले होते. इतकी भाषणं केली, एक वाक्य काय अवघड? मी म्हणालो, "जुमात, माझी बहीण उजुंग बकाऊ हिचा निकाह मी तुमच्याशी..."

सगळी ओसरी हसण्याने हलली. इमाम डोळे पुसत म्हणाले, "हाजी, पुन्हा. गाव राहू दे, बहीण द्या."

दुसऱ्या वेळी बहिणीचं नाव आलं आणि त्यापुढे आवाजच फुटेना. कुणी हसलं नाही. पडद्यामागून ताईचं हळूच आलं, "सावकाश म्हण." लहानपणी अक्षरं गिरवताना म्हणायची, अगदी तसं.

तिसऱ्या वेळी म्हणालो. नीट म्हणालो. मग कबूल म्हणायची जुमातची पाळी, तर त्यालाच ठसका लागला आणि त्याच्याकडूनही दोनदा म्हणवून घ्यावं लागलं. साक्षीदारांनी ग्राह्य धरलं.

आता तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानाने मोठा. मला वाकून त्याच्या हाताचं चुंबन घ्यावं लागलं. त्याने हात चटकन मागे घेतला आणि मला मिठी मारली. त्याच्या कपड्यांना पेन्यारामचा वास येत होता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घर फार मोठं वाटतं. पहाटे तेलाचा चरचराट नाही. नोरेहानने पेन्याराम करून पाहिले. मी चांगले झालेत म्हटलं. तिने ते बुंगसूला पाठवले. माफीही त्यातच जमा धरावी, असा निरोप मी जोडला.

६ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत शेजारची दोन गावं मिळून भाग घेऊ शकतात, असं कळलं. तेव्हा निबुंगची व्यवस्था प्रत्यक्ष पाहून घेणं प्रमुख म्हणून माझं काम होतं. मी दुपारीच होडी काढली.

खांब पाहिले. धक्का पाहिला, तोही कललेला आहे, आमच्या उलट बाजूला. जुमात ओसरीवर चहा गाळत होता. म्हणाला, "या. कुणाचं नाव आधी लिहायचं, उजुंग बकाऊ की निबुंग, यावर भांडायचं ना?"

"अर्थात," मी म्हणालो.

आतून ताई म्हणाली, "भांडा, पण हात धुऊन. अंबुयात गार झालं की त्यात काही राम नाही."

मी सांगितलं की मी जेवायला आलेलो नाही, पाहणीला आलोय. ताईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मधोमध अंबुयातच्या चिकट खळीचं भांडं ठेवलं, आंबट चटणी ठेवली, आणि मला न विचारता माझ्याही हातात ती खळ गुंडाळून खायची बांबूची काडी दिली.

पाहणी अर्धवट सोडणं बरं दिसत नाही. जेवलो.